रविवारी घरी ये

निता सासूच्या डोक्याला तेल लावायला बसू लागली त्याला आता महिना होत आला होता, आणि ती का बसते हे जिवनबाईला पहिल्या दिवसापासून कळत होतं. इतकी वर्षं संसार झालेली सून एके दिवशी उठून विचारते, "याडी, डोकं दुखतं का तुमचं?" तेव्हा काहीतरी काम निघालेलं असतं. पण जिवनबाईने काही विचारलं नाही. ती गुमान अंगणात पाय पसरून बसली आणि डोकं मागे दिलं. नवरा अमरसिंग गेल्यापासून तिच्या केसांना दुसऱ्याचा हात लागला नव्हता. हात कशासाठी आला याची चौकशी करायची आणि आलेला हात घालवायचा, एवढी ती खुळी नव्हती.

काम कंपनीचं होतं. कंपनीचं नाव इंग्रजी, जिवनबाईच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून घरात सगळे नुसतं 'कंपनी' म्हणायचे. पावडरीचे डबे, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि बाटलीतलं लालभडक ज्यूस असा तिचा माल होता. घरातली बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, पण कंपनीचं काही सांगायचं झालं की निता मराठीत शिरायची. लेफ्ट, राइट, डाउनलाइन हे शब्द तिच्या तोंडी आले की जिवनबाईला वाटायचं, सून आता आपल्या घरातून उठून कुठल्यातरी हापिसात जाऊन बसली.

दिवाळीनंतर निता हिंगोलीला एका मंगल कार्यालयात कंपनीच्या मीटिंगला गेली होती. तिथे कंपनीचे मोठे लीडर विजयकुमार सर यांनी तिला स्टेजवर बोलावून नाव विचारलं. "निता राठोड," असं तिने माइकमध्ये सांगितलं आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नुसतं नाव सांगितल्याबद्दल! गोरेगावच्या अलीकडच्या ह्या तांड्यात ती लग्न होऊन आल्यापासून कुणी ओमची बायको म्हणायचं, कुणी हिंगोलीवाली. बाप जिल्हा परिषदेत शिपाई, शिक्षण बारावी, वाढलेली शहरात. तांड्यातल्या बायांचं तिच्यावाचून काही अडत नव्हतं आणि त्यांनी ते तिच्यापासून कधी लपवलंही नाही. त्या दिवशी परतताना जीपमध्ये निता सबंध रस्ताभर स्वतःशी हसत होती.

आता अडचण अशी की कंपनीत ज्याला शिरायचं त्याने आपल्याखाली माणसं आणायची. एक डावीकडे, एक उजवीकडे, मग त्यांनी आपापली आणायची. निताकडे माणसंच नव्हती. पण सासूकडे होती.

लग्न ठरलेल्या पोरीला ढावलो शिकवायचं काम तांड्यात जिवनबाईकडे असायचं. ढावलो म्हणजे सासरी जाताना पोरीने आईच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून म्हणायचं रडगाणं. रडू कुणालाही येतं, पण सुरात रडणं शिकावं लागतं. लग्नाआधी कितीतरी दिवस पोरगी जिवनबाईच्या गळ्यात पडून सूर धरायची. अशा किती पोरी तिच्या खांद्यावर रडून बाहेर पडल्या! कुणी कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यात, कुणी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, कुणी वाशीमच्या पलीकडे. पोटची नसली तरी प्रत्येकजण तिला याडी म्हणायची, आई. आताच्या पोरींच्या लग्नात डीजे असतो. जिवनबाईकडे शिकायला आलेल्या शेवटच्या पोरीची लेक आता शाळेत जात होती.

निताने हे बोलता बोलता विजयकुमारांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले होते. "मॅडम, म्हणजे पंचवीस तांड्यांत तुमच्या सासूबाईंचा शब्द चालतो? अहो, आणि तुम्ही म्हणता माझ्याकडे माणसं नाहीत?"

ठरलं ते असं. आयडी जिवनबाईच्या नावाने काढायचा, निता तिच्याखाली. रविवारी विजयकुमार स्वतः तांड्यात येणार. जिवनबाईच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगितला की झालं.

"आणि पोरींना मीच सांगायचं?" जिवनबाईने विचारलं.

"तुमी फक्त बोलवायचं. सांगतील सर." निता फणीने भांग पाडत म्हणाली. "त्या निमित्तानं भेट पण होईल ना तुमची. कवापासून म्हणून राहिल्या, पोरी येत न्हाईत, पोरी येत न्हाईत."

सुनेने बरोबर दुखतं तिथे बोट ठेवलं होतं.

निताचा नवरा ओमप्रकाश गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा. दुपारी जेवायला आला तेव्हा हे त्याच्या कानावर आलं आणि त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"याडीला काहून ओढून राहिली तू ह्याच्यात? तुला करायचं ते कर. म्हातारीला कशाला?"

"मी ओढून न्हाई राहिले. विचारा त्यांनाच."

"जीपमध्ये रोज ऐकतो मी. ह्यानं त्याला डबे दिले, त्यानं ह्याच्याशी बोलणं सोडलं. घरात असलं पाहिजे न्हाई मला."

"तुमाला काय पाहिजे घरात?" निताने विचारलं. "येता, जेवता, जाता. घरात कोण हाय कोण न्हाई, पाहिलं तरी का कवा?"

"याडी, तू सांग हिला," ओम आईकडे वळला. त्याला खात्री होती. वडील गेल्यापासून सासू-सुनेच्या कुठल्याही भांडणात आईने त्याचीच बाजू घेतली होती.

जिवनबाई ताकाची वाटी पुढे सरकवत म्हणाली, "बोलावू दे की. पोरी येतील माझ्या."

"अगं, पण त्यांना फसवून..."

"मग तू बस माझ्यापाशी. बसतो? सांजच्याला येऊन बसत जा घडीभर. मग न्हाई करत कंपनी."

ओमने ताक प्यायलं, हात धुतला आणि जीपची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या खिशातच होती. सासू आणि सून एका बाजूला आणि आपण दुसरीकडे, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं आणि त्याला राग आला होता. पण घडीभर बसतो, असं काही त्याच्या तोंडातून निघालं नाही.

संध्याकाळी त्याने पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. योगेश चाकणला कारखान्यात होता.

"करू दे ना दादा," योगेश म्हणाला. "तेवढंच याडीचं मन रमेल. इथं सगळेच करतात काही ना काही साइडला."

"तू येऊन सांग तिला समजावून."

"सुट्टी कुठं हाय?"

मन रमेल, हे योगेशने इतक्या सहज म्हटलं की ओमला त्याचाही राग आला. दोघा भावांनी मिळून आईचं मन कंपनीच्या हवाली केलं आणि फोन ठेवला.

फोन करायचा धडा विजयकुमारांनी निताला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. फोनवर कंपनीचं नाव काढायचं नाही. सगळं आधीच सांगितलं की माणूस येत नाही, उत्सुकता राहत नाही. एवढंच म्हणायचं : रविवारी घरी ये, महत्त्वाचं आहे, आल्यावर सांगते.

निता नंबर लावून द्यायची आणि जिवनबाई दोन्ही हातांनी फोन कानाशी धरायची. पहिला फोन चंदाबाईला, कनेरगाव नाक्याकडे दिलेली. जिवनबाईच्या शिकवणीतली सगळ्यात गोड गळ्याची पोर.

"चंदा, मी बोलून राहिले. याडी."

पलीकडे एकदम शांतता. मग, "याडी? तुमी? काय झालं?"

"रविवारी घरी ये बाई. आल्यावर सांगते."

चंदाबाईने पुढे एक शब्द विचारला नाही. "येते," म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. एकामागून एक सगळ्यांचं तेच. आधी गप्प, मग भरल्या गळ्याने "येते". निता खूश झाली. उत्सुकता म्हणतात ती हीच, तिला वाटलं. जिवनबाईला वेगळंच वाटलं. पोरींना अजून आपली माया आहे, नुसत्या आवाजाने रडायला येतं, असं वाटून तिने पदराने डोळे पुसले. त्या रात्री दोघींनाही छान झोप लागली.

त्यातल्या एकीने नंतर निताला उलटा फोन केला होता. "खरंच यायचं का?"

"हो या की," निता उत्साहाने म्हणाली. "सगळ्याच येऊन राहिल्या."

रविवारी ओमने मुद्दाम जीप काढली नाही. तांड्याच्या तोंडाशी हातपंपाजवळ तो ती धूत होता. घरात विजयकुमार लवकरच येऊन बसले होते. पांढरा शर्ट, टाय, सोबत घडीचा बोर्ड आणि डब्यांची पेटी. निताने अंगण सारवून सतरंजी टाकली होती.

फाट्यावर टेंपो थांबला आणि त्यातून बाया उतरल्या. उतरल्या तशा त्यांनी पदर तोंडावर ओढले, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकले आणि सूर लावला. ओमच्या हातातली बादली तशीच राहिली. तो सूर लग्नाचा नव्हता. तांड्यात माणूस गेलं की बाहेरगावच्या लेकी शिवेपासून जो सूर लावून येतात, तो होता. आणि तो सरळ त्याच्याकडे येत होता.

पुढची बाई ओमला बघून थबकली. तिने पदर वर केला. "ओम? तू हाईस?" म्हणाली आणि त्याच्या गळ्यातच पडली. "मंग योगेश गेला का रे? पुण्यात गेला का आपला योगेश?"

याडीने त्यांना बोलावलं हे ओमला ठाऊक होतं, पण त्या रडण्यापुढे त्याचं ठाऊक असणं टिकलं नाही. एवढ्या बाया उगाच कशा रडतील? त्याला वाटलं, घरात फोन आला असेल आणि मला अजून कुणी सांगितलं नाही. त्याने ओल्या हाताने मोबाइल काढला. दोनदा नंबर चुकला. मग योगेशचा आवाज आला, "हां दादा, काय रे?"

"काही न्हाई," ओम म्हणाला. तो पंपाच्या ओट्यावर बसला. "जेवला का?"

"एवढ्यात? दहा वाजलेत."

"बरं. जेव."

तांड्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. लेक कुठे शेतात असते, कुठे रस्त्यात, एकटी असते. ऐकून कोसळली तर धरायला कोण? म्हणून एवढंच सांगतात, घरी ये, आल्यावर सांगतो. ऐकणारीनेही जास्त विचारायचं नसतं. शहरात वाढलेल्या निताला ही रीत माहीत नव्हती. जिवनबाईला माहीत होती, पण पोरींचे आवाज ऐकायच्या आनंदात ती रीत विसरली. याडीचा स्वतःचा आवाज, म्हणजे याडी आहे. मग गेला तो ओम, नाहीतर योगेश, आणि रविवारी बोलावलं म्हणजे दिवसकार्याला, असा हिशोब करून पोरी चार दिवस आपापल्या घरी रडत बसल्या होत्या.

"कुणी मेलं न्हाई गं," ओम ओरडून सांगत त्यांच्यामागे धावला, पण सुरापुढे त्याचं कोण ऐकतं?

जिवनबाई दारात उभी होती. बाया आल्या आणि तिच्यावर कोसळल्याच. एकीने मान धरली, एकीने कंबर, बाकीच्यांनी जो सापडेल तो हात. काय झालं ते जिवनबाईच्या एका क्षणात लक्षात आलं आणि तिला लाज वाटली. सांगायला तिने तोंडही उघडलं. पण गळ्याशी चंदाबाईचा गळा होता, तोच जुना कापरा सूर, आणि बोलण्याऐवजी जिवनबाईच्या तोंडून त्याला जोडून दुसरा सूर निघाला. ती रडली. अमरसिंग गेला तेव्हा आली-गेली माणसं, स्वयंपाक, दिवस-तेरावं यांतच तिचं रडणं राहून गेलं होतं. ते आता आलं. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दाराच्या कडेला निता उभी होती. तिला कुणी मिठी मारली नाही. मारायचं कारणही नव्हतं. तिच्या लग्नात हिंगोलीच्या हॉलमध्ये बँड होता; ती ढावलो शिकली नव्हती, त्यामुळे कुणाच्या गळ्यात कसं पडायचं हेच तिला माहीत नव्हतं. ती ताटं-वाट्या मोजत असल्यासारखी आत-बाहेर करत राहिली.

"एक्सलंट!" विजयकुमार तिच्या कानाशी म्हणाले. "काय इमोशनल कनेक्ट आहे मॅडम! पण आता सुरू करू या. गर्मी आहे तोवर."

कुणी मेलं नाही हे कळल्यावर बाया आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. चहा झाला. विजयकुमारांनी बोर्ड उभा केला आणि सगळ्यांकडे बघून हात जोडले.

"माझ्या मायबहिणींनो, मला एकच सांगा. तुमचं स्वप्न काय आहे?"

बाया एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. फक्त चंदाबाई हसली नाही. ते वाक्य ऐकताच तिने पिशवी उचलली आणि ती हळूच उठून घराच्या मागे गेली. जिवनबाईला ते दिसलं. गुडघ्यावर हात टेकत तीही उठली.

मागे गोठ्याच्या सावलीत चंदाबाई दगडावर बसली होती.

"काय गं? जीव घाबरला का?"

"न्हाई याडी. तुमच्यासाठी आले ते आले. पण ते ऐकायचं मला झेपत न्हाई."

"तुला ठाव हाय कंपनी?"

"ही न्हाई. दुसरी व्हती. हेच बोलायचे, स्वप्न काय, स्वप्न काय." चंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी लई मन लावून केलं याडी. लग्नात गेले तरी पिशवीत डबा, बारशात गेले तरी डबा. नणंदेला दिला, जावेला दिला, शेजारणीला दिला. कुणी माझ्या तोंडाकडं बघून घेतला, कुणी भिडेनं. मंग एक दिवस मी आले की बाया बोलायच्या थांबायला लागल्या. लेकरं आत पळायची, सांगायला, चंदामावशी आली म्हणून. दारं लागायची."

"मंग सोडली ना तू?"

"सोडून चार वर्सं झाली. पण लोकांनी कुठं सोडली? मी मयतीला गेले तर एकजण म्हणली, आज काय आणलं पिशवीत? मयतीला, याडी! आता मी कुठं जातच न्हाई. मला कुणी बोलावत पण न्हाई."

जिवनबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुमचा फोन आला," चंदाबाई खालीच बघत म्हणाली, "तवा मला वाटलं, याडीच्या घरात कुणी गेलं. मी रडले. पण खरं सांगू? रागावू नका. आतून मला बरं वाटलं. म्हणलं, कुणी का मेलं असंना, मला बोलावलं."

जिवनबाई तिच्याशेजारी दगडावर बसली. पलीकडून विजयकुमारांचा आवाज येत होता आणि मधूनच टाळ्या. मयतीचं आवतण आलं म्हणून बरं वाटणारं माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि ते माणूस तिच्याच खांद्यावर सूर शिकलेलं होतं. उद्या मी ह्यांच्या दारी डबे घेऊन गेले तर माझंही हेच होईल, तिच्या मनात आलं. आज अंगावर कोसळल्या तशा ह्या पोरी परत कोसळणार नाहीत. गळ्यात पडायच्या आधी पिशवीकडे बघतील.

"याडी!" निता धावत आली. तिचा चेहरा उजळला होता. "चला ना. सगळ्या म्हणून राहिल्या, याडी घेत असतील तर आमी पण घेतो. ओटीपी आला तुमच्या मोबाइलवर."

अंगणात सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. विजयकुमारांनी हात पुढे केला. "द्या आजी, मोबाइल. फक्त आकडे वाचायचे आहेत."

जिवनबाईने कमरेची पिशवी उघडली, मोबाइल हातात घेतला आणि तो तसाच पोटाशी धरून उभी राहिली.

"मला कंपनी करायची न्हाई."

"आजी, आता असं कसं? तुमच्या शब्दावर सगळ्या..."

"म्हणून तर." ती बायांकडे वळली. "पोरींनो, मी खोटं बोलून बोलावलं तुमाला. महत्त्वाचं काही नव्हतं. मला करमत नव्हतं. घरात करमत न्हाई मला, म्हणून बोलावलं."

हातपंपाकडून आलेला ओम कुडाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. कर्ता लेक घरात असताना आईने चारचौघांत असं म्हणावं, याहून मोठी थप्पड नव्हती. त्याला वाटलं, त्या दिवशी ताक पिताना एक शब्द बोललो असतो तर आज हे ऐकावं लागलं नसतं.

"मॅडम," विजयकुमार बोर्डाची घडी घालत निताला म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, आधी घर तयार करा. तुमचं घरच निगेटिव्ह आहे." त्यांनी पेटी मोटरसायकलला बांधली. बाहेर पडताना त्यांनी निताच्या नमस्काराला नमस्कार केला नाही.

बाया जेवून निघाल्या. ओम म्हणाला, टेंपो कशाला, मी सोडतो. नाक्यापर्यंतच्या रस्त्याला मागच्या सीटवर एकजण म्हणाली, "चंदे, आज पिशवी रिकामीच का गं?" आणि सगळ्या हसल्या. पुढे ओमशेजारी बसलेली चंदाबाईही हसली. ओमने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून हरभऱ्याच्या शेताकडे बघत होती आणि हसू तोंडावर तसंच ठेवलं होतं. ओमला त्या बाईशी दोन शब्द बोलावेसे वाटले, पण त्याला सवय नव्हती. तिला उतरवताना तो म्हणाला, "परत या." ती "हां" म्हणाली. हिला पुन्हा बोलवायला आता खरंच कुणीतरी मरावं लागेल की काय, असा विचार करत त्याने जीप वळवली.

घरात निता भांडी घासत होती. जिवनबाई दोनदा तिच्या आसपास जाऊन आली. निताने मान वर केली नाही. एक महिना रोज ह्या वेळेला ती फणी घेऊन अंगणात यायची. आज ती येणार नाही, उद्याही येणार नाही, हे जिवनबाईला मोबाइल पोटाशी धरला तेव्हाच ठाऊक होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

"निता," ती शेवटी म्हणाली. "रागावली?"

"मला ग्रुपमधून काढलं सरांनी."

"कसल्या?"

"कंपनीच्या. रोज सकाळी सगळे गुड मॉर्निंग करायचे. गुड मॉर्निंग लीडर."

"वळख ना पाळख. खऱ्या मनानं करायचे का ते?"

"माहीत न्हाई. पण करायचे," निता म्हणाली. तिने हातातलं पातेलं खाली आदळलं. "तुमी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, करमत न्हाई म्हणून. तुमच्या पोरी होत्या ऐकायला. गळ्यात पडल्या, रडल्या, झालं. मला पण न्हाई करमत ह्या घरात. लग्न होऊन आले तवापासून न्हाई करमत. मी कुणाला सांगू?"

"मला सांग."

"तुमाला कसं सांगू? तुमी घरातल्या."

जिवनबाईने तरी घरात कुणाला सांगितलं होतं? सांगायला बाहेरच्या बाया गोळा कराव्या लागल्या. एवढ्या वर्षांत दोघी एका चुलीवर जेवल्या आणि एकीचं एकीला कळलं नाही. आपल्याला फक्त तिचा हात पाहिजे होता, आपण तिचं काही विचारलंच नाही, हे तिला आता लागलं.

निता आत गेली. आतून पीठ चाळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने जिवनबाई उंबऱ्यापाशी गेली, मग आत, आणि चुलीच्या अलीकडे भिंतीला टेकून खाली बसली.

"काय पाहिजे?" निताने विचारलं.

"काही न्हाई."

"मग? भाकरीला वेळ हाय अजून."

"भाकरीसाठी न्हाई आले. बसायला आले."

निताचा परातीतला हात थांबला. "कुणाकडं?"

"तुझ्याकडं."

निताने मान वळवून सासूकडे पाहिलं. खरं बोलते की आणखी काही काम आहे, हे ती बराच वेळ बघत राहिली. ह्या घरात तिच्याकडे बसायला म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं, आणि आलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं ते तिला आठवेना.